उभ्या गाडीचं तेल

मंडळी, इस्पितळातून लिहितोय. दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या, म्हणून बनशंकरीच्या घरून गाडी काढली. अर्ध्या वाटेत तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर आला आणि इंजिन खडखडू लागलं.

"अण्णा, तेल कधी बदललं होतं?" लेक कण्हत म्हणाली.

"दोन वर्षं झाली. पण गाडी रविवारचीच निघते, मैल कुठे भरलेत?"

"मग मीही मैल भरेपर्यंत थांबू का?"

गाडी तिथेच रस्त्याकडेला सोडली. नशिबानं मागून एक घोडागाडी आली, तिनंच आम्हाला इस्पितळात पोहोचवलं.

मी बाहेर बसलोय, आतून काहीच कळत नाही. उभ्या गाडीचंही तेल खराब होतं, सहा महिन्यांनी बदलाच. तुमचं कधी बदललंय? सांगा काहीतरी, इथे वेळ सरत नाही.