वर्क्स मॅनेजरची जागा

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी लोकांचे पगार विचारत पुणंभर फिरत होते. माणसाला वय विचारलं तर तो दोन-चार वर्षं इकडेतिकडे करून का होईना, सांगतो. पगार विचारला की आधी उठून केबिनचं दार लावून घेतो. माझं कामच ते होतं, त्यामुळे बंद दारांची मला सवय झाली होती.

शनिवार पेठेत सायकलच्या एका दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. आमचे सर एका खासगी कारखान्यातून पर्सोनेल मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. उदारीकरण आलं, त्याच्या मागोमाग पुण्याच्या आसपास नव्या कंपन्या आल्या आणि जुन्यांचे साहेब पळवू लागल्या. कोणाला किती दिलं म्हणजे तो टिकेल, हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं. सर दरवर्षी सरकारी आणि खासगी, दोन्हीकडच्या वरच्या पदांचे पगार गोळा करून अहवाल काढत. जी कंपनी माहिती देई तिलाच तो मिळे, आणि त्यात कोणाचंही नाव नसे. क, ख, ग अशी नुसती अक्षरं. कोणतं अक्षर कोणाचं, हे सरांना आणि कंपन्यांत फिरणाऱ्या आम्हा दोघींना ठाऊक.

रुजू होताना सरांनी एका कागदावर माझी सही घेतली. म्हणाले, "या पेठेत कोणाच्या घरी काय शिजतंय ते चौकापर्यंत कळतं. आपल्या दोन खोल्यांतलं मात्र जिन्याखाली जाता कामा नये."

मी जात्याच धास्तावणारी. घरातून निघाले की गॅस बंद केला का म्हणून कोपऱ्यावरून परत येणारी. अशा मुलीच्या गळ्यात अख्ख्या पुण्याचे पगार बांधले होते. बसमध्ये ओळखीचं कोणी शेजारी येऊन बसलं तरी मी पर्स पोटाशी धरायचे.

सरकारी कंपनीत काम सोपं असे. तिथले अधिकारी छापील वेतनश्रेणी पुढे सरकवत. एक जण म्हणाले होते, "घ्या. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, आणि दाखवण्यासारखंही नाही." खासगीत झाकली मूठ सव्वा लाखाची. तिथे पगार कळूनही काही कळत नसे. म्हणून सर बजावत, की पगार विचारू नका, पगाराशिवाय काय मिळतं ते विचारा. मग हळूहळू गाडी निघे, ड्रायव्हर निघे, घरचा फोन, क्लब, बायकोचं विमानाचं तिकीट. सरकारीकडे क्वार्टर, दवाखाना आणि वयाच्या अठ्ठावन्नपर्यंत नोकरीची हमी. या सगळ्याची रुपयांत किंमत लावून दोन्ही बाजू शेजारी मांडायच्या, हे आमचं कसब.

माझे बाबा अशाच एका सरकारी कंपनीत सहायक वर्क्स मॅनेजर होते. ओतकामाच्या भट्ट्या त्यांच्याकडे. माझी नेमणूक त्या कंपनीकडे कधीच होत नसे, ती आम्हा दोघींतल्या दुसरीकडे असे. पण क्वार्टरची किंमत माझ्याच टेबलावर ठरायची. तीन खोल्या, चोवीस तास पाणी, मागे पेरूचं झाड. बाहेर अशा घराला काय भाडं पडेल? मी आमच्याच घराचं भाडं ठरवत बसायचे. हे घर आपलं नाही, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अशात एका संध्याकाळी बाबा घरी आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "मला बोलावणं आलंय. भोसरीला. वर्क्स मॅनेजर." पगार सांगितला तो आत्ताच्या तिपटीच्या जवळपास होता. आईनं कप खाली ठेवला. मी कंपनी कोणती ते विचारलं आणि त्यांनी सांगितली.

ती कंपनी माझ्याकडे होती. लागोपाठ तीन वर्षं मी तिथे जाऊन माहिती आणली होती. आमच्या तक्त्यात प्रत्येक पदापुढे, त्या जागेवरच्या माणसाला किती वर्षं झाली, असा एक रकाना असे. त्या कंपनीत वर्क्स मॅनेजरपुढे दर वेळी 'एका वर्षाहून कमी' असंच यायचं. दर वेळी माणूस नवा, पगार मात्र वाढलेला. पहिल्यांदा मला वाटलं माझीच चूक झाली. सरांना दाखवलं तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "तिथे पगार मोठा देतात, कारण फार दिवस द्यायचा नसतो."

बाबांना सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. नोकरी सोडली की क्वार्टर सोडायचं. आईच्या हृदयाची झडप खराब होती. तिची तपासणी, तिच्या गोळ्या, सगळं कंपनीच्या दवाखान्यातून. बाबांचं वय पन्नाशीला टेकलेलं. तिथून वर्षभरात काढलं तर त्यांना कोण घेणार? आणि हे मला एकटीला माहीत, आणि मला ते बोलता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आई म्हणत होती, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?" बाबा पेपर उघडून बसत. मी आडून आडून बोलायला लागले. खासगीत हल्ली फार ताण असतो म्हणे. माझ्या मैत्रिणीच्या काकांना म्हणे असंच बोलावून घेतलं आणि मग... मला असल्या मैत्रिणी नाहीत हे बाबांना चांगलं माहीत होतं. ते पेपरमधून डोकं वर न काढता "हं" म्हणायचे.

शेवटी न राहवून मी सरांना विचारलं. समजा, असं म्हणून. समजा घरच्याच माणसाचा प्रश्न असेल तर?

सर म्हणाले, "अहो, त्या कागदावर सही तुमची आहे, माझी नाही. मला काय विचारता?" आणि अहवाल वाचू लागले. मला त्यांचा इतका राग आला की जिना उतरताना मी रडले. सायकलवाला बघत होता, तरी रडले.

आमच्याकडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असे. त्या गुरुवारी बाबा म्हणाले, "अर्धा दिवस रजा काढ. धायरीला जायचंय, घर बघायला." म्हणजे ठरलंच होतं तर. स्कूटरवर त्यांच्या मागे बसून मी सिंहगड रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

धायरी तेव्हा निम्मं गावच होतं. ज्वारीच्या रानाला लागून एक तिमजली इमारत उभी राहत होती, तिच्या खालच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. मालक शेतकरी, पायात चिखल लागलेली चप्पल. "पानी हाय, लाईट हाय, मागं संडास हाय," त्यानं दाखवलं. मग ठरलेला प्रश्न आला. "आडनाव काय म्हनला तुमी?"

बाबांनी आडनाव सांगितलं. पुढे कोणी विचारायच्या आत "आम्ही बौद्ध आहोत" हेही सांगितलं, जसं ते सगळीकडे सांगत. मालकानं जरा इकडेतिकडे पाहिलं. "आसू द्या. भाडं येळेवर आलं म्हंजे झालं," म्हणाला आणि किल्ली आणायला गेला.

त्या रिकाम्या खोलीत, सिमेंटच्या वासात, मी म्हणाले, "बाबा, ही नोकरी घेऊ नका."

"का?"

"ते मला सांगता येत नाही."

"मग सांगू नकोस," बाबा म्हणाले. "तू सही केलेली आहेस. माझ्यासाठी ती मोडायची नाही." खिडकीला अजून गज बसायचे होते, तिथे ते टेकले. "आणि तुला जे सांगायचंय ते मला ठाऊक आहे. आधीच्या माणसाला मी भेटून आलोय. त्याच्या आधी होता त्यालाही. तिथला मालक कोणाला टिकू देत नाही."

इतके दिवस जीव टांगणीला लावून मी जे जपलं होतं, ते यांनी सरळ दोघांच्या घरी जाऊन, चहा पिऊन विचारलं होतं.

"मग तरीही?"

बाबा बोलले ते माझ्याकडे न बघता. "मी लागलो तो राखीव जागेवर. त्याची मला लाज नाही. तो हक्क आपल्या माणसांनी मिळवलाय. पण भरतीच्या परीक्षेत मी सगळ्यांत मिळून तिसरा होतो, हे त्या कारखान्यात कोणाला ऐकायचंच नसतं. भट्टी नीट चालली तर म्हणतात नशीब. बिघडली तर म्हणतात, चालायचंच, कोट्यातले आहेत. इतकी वर्षं झाली, माझं काम बरं आहे का वाईट, हे मला कोणी सांगितलेलं नाही. या भोसरीवाल्यानं दोन तास मला फक्त भट्टीबद्दल विचारलं. आडनावाशी तो थांबलासुद्धा नाही."

"आणि आईच्या गोळ्या?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"विकत आणू."

मला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला. एवढ्यासाठी घर सोडायचं? एवढ्यासाठी आईला या चिखलात आणायचं? हे मी बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मालकाकडून किल्ली घेतली आणि आगाऊ भाडं दिलं.

सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "आता ही जागा राखीव जागांच्या रोस्टरप्रमाणे पुन्हा तुमच्यातल्याच कोणाला तरी द्यावी लागणार." बाबांनी घरी येऊन हे शब्दाला शब्द सांगितलं. त्या दिवसापासून आईनं हातचं आणि पळत्याचं काढलं नाही. तिनं भांडी बांधायला घेतली.

भोसरीची कंपनी मी सरांना सांगून माझ्याकडून काढायला लावली. धायरीहून शनिवार पेठेत यायला मला दोन बस बदलाव्या लागत. आईच्या गोळ्यांचा खर्च आला की माझी झोप उडे. बाबा मात्र सकाळी लवकर निघत, रात्री जेवताना भट्टीबद्दल बोलत, नव्या साच्यांबद्दल बोलत. आधी ते घरी कारखान्याचं कधी बोललेले मला आठवत नाहीत. दर पहिल्या तारखेला मी मनात म्हणत असे, गेला, हाही महिना गेला.

वर्ष उलटून थोडे दिवस झाले असतील. ताप आला म्हणून मी घरी होते. दुपारीच बाहेर स्कूटर थांबली आणि मी उठून बसले. बाबा आत आले, डबा ओट्यावर ठेवला, न उघडलेला.

"काढलं मला," ते म्हणाले.

आईनं गोळ्यांची पुडी काढली. मी तिच्याकडे पाणी घेऊन गेले. माझ्या डोक्यात भाडं, गोळ्या, माझा पगार, सगळं एकदम फिरायला लागलं होतं.

"काय कारण दिलं?" आईनं विचारलं.

"काम सावकाश आहे म्हणाले. एकेका साच्यापाशी फार वेळ घालवतो. त्यांना माल लवकर हवाय, मी तो कच्चा सोडत नाही."

"आणि?" आई म्हणाली. "आणखी काय म्हणाले?"

बाबा खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. त्यांनी मान वर केली. ते हसत होते. आई इतकी घाबरलेली असताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

"आणखी काही नाही," ते म्हणाले. "खरंच सांगतो, दुसरं काहीच म्हणाले नाहीत."