हुलिओ काका, लाइव्ह

रविवारी मी नॉटिंगहॅममध्ये लाइव्ह रेडिओवर असा काही घोळ घातला, की विचारू नका...

इथे एका कम्युनिटी सेंटरच्या वरच्या मजल्यावर स्पॅनिश गाण्यांचं छोटंसं रेडिओ स्टेशन आहे. आठवडाभर ऑफिसचं काम करून डोकं आंबलं की मी तिथे साउंड मिक्सर सांभाळायला जाते. स्पॅनिश मी पुण्यात शिकले आणि झकास बोलते... हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

स्टेशन सुरू केलं चिलीहून आलेल्या हुलिओ आणि एलेना या नवरा-बायकोने. एलेनाबाई आता नाहीत, आणि हुलिओ या आठवड्यात चिलीला मुलीकडे कायमचे परत चाललेत. स्टेशनचा इतिहास कुठेही लिहिलेला नाही, सगळा त्यांच्या डोक्यात. म्हणून शेवटची मुलाखत ठरली, आणि नेमकी मुलाखत घेणाऱ्या मार्ताची ट्रेन कॅन्सल झाली. म्हटलं, त्यात काय, मी घेते!

पण हुलिओ माइकसमोर बसले आणि मिटूनच गेले. प्रत्येक प्रश्नाला एकच शब्द, हो नाहीतर नाही. दहा मिनिटं गेली आणि मला धडकी भरली... आज बोलले नाहीत, तर हे सगळं त्यांच्याबरोबरच जाणार होतं.

त्यात माझी वेगळीच पंचाईत. स्टेशनवर सगळे त्यांना नुसतं 'हुलिओ' म्हणतात, पण ऐंशीच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून वर्षभर मी हाक मारायचीच टाळली होती. आता मारावीच लागली, आणि तोंडातून निघालं, "हुलिओ काका!"

स्पॅनिशमध्ये 'काका' म्हणजे लहान मुलांची शी.

मी घाईघाईने खुलासा केला, की अहो, आमच्यात काका म्हणजे वडिलांचा भाऊ, मोठ्यांना मानाने म्हणतात! हुलिओ असे हसले की मिक्सरचे, आवाज फार चढला की लागणारे, लाल दिवे लागले. म्हणाले, "मग ऐक, पुतणीबाई..."

आणि पाऊण तास थांबले नाहीत. पहिल्या दिवशी कॅसेट प्लेअर एकच होता, आणि पहिल्याच गाण्याला टेप गुंतली. हे पेन्सिल घालून टेप सोडवत बसले, आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीतली शिफ्ट संपवून तशाच आलेल्या एलेनाबाईंनी माइक ओढून स्वतः गायला सुरुवात केली. लोकांचे फोन आले, ही गायिका कोण, हिची कॅसेट कुठे मिळेल... हुलिओंनी ठोकून दिलं, की सगळ्या संपल्या!

त्या गेल्यापासून हुलिओंनी स्टेशनवर त्यांचं नाव काढलं नव्हतं. सांगता सांगता ते तेच गाणं गुणगुणायला लागले. माझे डोळे भरून आले, पण हात मिक्सरवर स्थिर होता बरं का.

एलेनाबाईंचा आवाज कुठेच रेकॉर्ड झालेला नाही. ती चाल मात्र आता आमच्याकडे आहे, त्यांच्या नवऱ्याच्या कापऱ्या आवाजात.