आलमारीतली बहीण

बायको बंद आलमारीसमोर पाट टाकून बसली होती. आतल्याशी बोलत होती. "ताई, जराशी थांब. चाबी भेटली का काढीन तुले."

मी कुलूप उघडून दाखवलं. साड्या, रग, वाडीच्या गोदामात चौकीदार होतो तेव्हाचे माझे दोन खाकी शर्ट. "पाह्य, कोण हाये?"

"तुम्ही हलवलं तिले." तीन दिवस तिला झोप नव्हती. माझ्या हातचं पाणीही घेईना.

मी चौथी शिकलेला, पण बायकोचं नाटक मला कळते, असं मी धरून बसलो. पोरगी प्रताप नगरहून आली. आईकडे एकदा पाहिलं आणि ऑटो बोलावला. "बाबा, हे नाटक नाही. चपला घाला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त, लघवी, डोक्याचा फोटो, सगळं करवून घेतलं. त्यात काही निघालं नाही. मग विचारलं, "आजोबा, एवढ्यात घरात काही झालं का? धक्का बसेल असं?"

"काही नाही."

पोरगीही नाही म्हणाली. तिला माहीतच नव्हतं.

बाईंनी पुन्हा विचारलं. मी भिंतीकडे पाहत म्हटलं, "आमच्या घरात तसलं काही होत नसते."

तेवढ्यात बायकोनं कोपऱ्यातल्या लोखंडी आलमारीकडे हात केला. नर्सला म्हणाली, "ताईले काढ वं बाई. जीव गुदमरून राहिला तिचा."

मग मी सांगितलं. रामटेकची तिची मोठी बहीण वारली होती. त्या घराशी माझं बारा वर्षांपासून बोलणं बंद. फोन मलाच आला, मी घरात सांगितलं नाही. दहा दिवसांनी तिला पिठाच्या गिरणीवर कळलं. घरी येऊन तिनं विचारलं, "तुमाले मालूम होतं?" मी म्हटलं, हो. त्याच संध्याकाळपासून हे.

पोरगी माझ्याजवळून उठली आणि आईशेजारी जाऊन बसली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आधीच सांगायचं होतं. अशा धक्क्यानं माणसाचं मन काही दिवस ठिकाणावर राहत नाही. बहुतेक जण बरे होतात. गोळ्या, झोप, आणि त्यांना एकटं सोडायचं नाही. किती दिवस राहतं ते मात्र पाहावं लागेल."

बहुतेक म्हणजे सगळे नाही, एवढं मलाही कळते.

चार दिवस भरती ठेवलं. घरी आल्यावर पाचव्या सकाळी तिनं माझ्या हातचा चहा घेतला. म्हणाली, "आलमारी उघडी काहून ठेवली?" मी उठून लावली.

गोळ्या चालूच होत्या. महिना व्हायच्या आत तिनं विचारलं, "रामटेकले नेता का नाही?"

नेलं. बहिणीच्या सुनेनं दार उघडलं, ही आत गेली. मला कोणी या म्हटलं नाही. मी ओट्यावर बसलो. आतून हिचा एकटीचाच आवाज येत होता, ताई, ताई. पुन्हा आलमारीसारखं तर नाही, म्हणून कान लावून बसलो.

मग सून काहीतरी बोलली. दोघी रडायला लागल्या. तेव्हा कुठं मी भिंतीला पाठ टेकली.