न कापलेला क्रँक

मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी लेथवर भलत्याच कुणाच्या ट्रॅक्टरची पिन कातत होतो. त्याचं काम मागे बाकावर तसंच पडलेलं. चौसाळ्याला मातीला पोचलो, पण त्याच्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली नाही. याला दीड महिना झाला. मन हलकं व्हावं म्हणून लिहीत नाहीये. ते होणारही नाही.

हायवेलगत त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि आमची तीस वर्षांची दोस्ती. वडिलांकडून आलेली दोन सिलिंडरची विलायती गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण तिचे दोन्ही पिस्टन एकदमच वर जायचे, एकदमच खाली यायचे. पाच-सहा किलोमीटरांत हँडल धरलेले हात बधिर व्हायचे, आणि मागे बसलेल्या सुमनवहिनींच्या कंबरेचा तर पार खुळखुळा. "तुमच्या गाडीपरीस खडीचा ट्रॅक्टर बरा," म्हणायच्या आणि एसटीनं जायच्या. मन्मथच्या पोटातल्या गाठीपुढं डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यानं सगळं इंजिन खोललं. मला म्हणाला, "सुमनला मागं बसवून एकदा लिंबागणेशला जायचंय. तिनं उतरून कंबर धरायची न्हाई. बस." पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो क्रँक मधोमध कापायचा, अर्धा भाग पाव फेरा वळवून पुन्हा जोडायचा, म्हणजे पिस्टन आगेमागे चालतील आणि हादरा मरेल... कॅमचं आणि स्पार्कचं गणित त्यानं स्वतःच उरकलं. कापणं-जोडणं तेवढं बीडला माझ्याकडं आलं.

आठवडाभराचं काम. मी तीन महिने लावले. कधी लाईट नाही म्हणालो, कधी हत्यार नाही. "कावून रखडवतोस बे?" फोनवर त्याचा आवाज दर वेळी बारीक होत गेला. मला भलतंच वाटायचं... की हे काम बाकी आहे तोवर हा जात नाही. क्रँक हातात दिला की त्याला थांबायला काही उरणार नाही. येड्यासारखा मी त्या लोखंडाला त्याचा जीव बांधून बसलो होतो.

तो गेल्यावर महिन्याभरानं वहिनींपुढं हे सगळं कबूल केलं. म्हटलं, आता करून देतो, आठ दिवसांत.

"दिवस मिळाले भाऊजी, खोटं कावून बोलू? पण ते दारात खुर्ची टाकून तुमची वाट बघण्यात गेले. बीडकडून गाडी आली की उठून उभे राहायचे..." मग आवाज न चढवता म्हणाल्या, "आता जोडून मी कुणामागं बसू?"

मी उठून आलो. घरी बायकोलाही हे सांगता आलं नाही.

क्रँक अजून अखंड आहे. गंज चढू नये म्हणून तेल लावतो, पुसतो, पुन्हा लावतो. परवा एका गिऱ्हाईकानं तो उचलून पाहिला आणि कुणाचा म्हणून विचारलं.

"चौसाळ्याच्या मन्मथचा," मी म्हणालो. "ठेवा खाली. उद्या द्यायचाय."