फूल पडलं की आउट नाही

मी रोज संध्याकाळी दुकानातून घरी आले की चहा ठेवायच्या आधी बेसबॉल खेळते. जुन्या खोक्याच्या टीव्हीवर, कॅसेट घालून चालणाऱ्या व्हिडिओ गेमवर. माझी चाळिशी कधीच उलटली आहे, केस रंगवणं मी सोडून दिलंय आणि संग्रामपुरात आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला मध्येच हसू यायला नको.

माझ्या खेळायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. कॅसेट काढून फुंकायची, पुन्हा बसवायची, तिच्या आणि खाचेच्या मधे एक आगकाडी खोचायची, नाहीतर पडद्यावर मुंग्या येतात. बसायचं खाली, सतरंजीवर. सोफ्यावरून मला एकही चेंडू लागत नाही. पहिल्या चेंडूला बॅट फिरवायची नाही, तो कितीही सोपा असो. आपला माणूस पळायला लागला की रिमोटसकट दोन्ही हात उजवीकडे ओढायचे. त्यानं तो जोरात पळतो. पळत नाही हे मलाही कळतं, पण हात ओढले जातातच. मध्येच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"इतका विधी तं सत्यनारायणालेही नाई लागत," असं आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, म्हणतात. खेळताना मी कुणाला एका वाक्यापलीकडे उत्तर देत नाही, हीसुद्धा एक पद्धतच आहे.

हा गेम वडिलांनी आणला तेव्हा मी शाळेत होते. धाकटा भाऊ माझ्याहून दोन इयत्ता मागे. बेसबॉल काय असतो हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही तो क्रिकेटसारखा खेळलो. चेंडू फेकणारा तो बोलर, भिंतीपलीकडे गेला तो सिक्सर. गोची एकाच ठिकाणी झाली. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची: एफ, ओ, यू, एल. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून. मी ती अक्षरं जुळवली आणि ठरवून टाकलं, फूल. चेंडू रेषेबाहेर मारला की गेम आपल्याला फूल देतो.

आणि ते पटण्यासारखंच होतं. दोन स्ट्राइक झाल्यावर, म्हणजे दोन चेंडू हुकल्यावर, तिसरा चुकला की आउट. पण तिसऱ्याला फूल पडलं तर आउट नाही. पुन्हा फूल, पुन्हा नाही. जो आपल्याला वाचवतो तो बक्षीसच देत असणार. मग घरचा नियम झाला, एका फुलाला एक रन. टीव्ही ते रन धरायचा नाही, म्हणून मी पाटीवर धरायचे. टीव्हीवर भाऊ जिंकायचा, पाटीवर मी. त्यावरून आमची भांडणं इतकी व्हायची की आई येऊन बटणच बंद करायची.

पुढे त्या शब्दाचा खरा अर्थ कळला. फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा, रन न मिळणारा फटका. कळला म्हणून मी सवय बदलली नाही. आजही मी बॅट जरा उशिरा फिरवते, चेंडू उजवीकडे रेषेबाहेर जातो आणि मी मनात म्हणते, पडलं फूल. चुकीचं वाचलेलं असेल, पण तीस वर्षं त्यानंच मला खेळात टिकवलंय.

भाऊ आता पुण्यात असतो. बोलणंही तिकडचं झालंय. यंदा दिवाळीला आला तो भिंतीवरचा पातळ टीव्ही आणि तळहाताएवढा नवा गेम घेऊन. त्यात जुने सगळे खेळ होते, आमचा बेसबॉलसुद्धा. सकाळीच त्यानं मला सोफ्यावर बसवलं आणि खेळून दाखवलं. तीन चेंडूंत आउट झाला. लगेच एक बटण दाबलं, चित्र सरसर मागे गेलं, आणि हा पुन्हा बॅट घेऊन उभा.

"हे काय बे?"

"मागे घेता येतं, ताई. चुकलं की पुन्हा."

"आउट म्हंजे आउट. असं मांगं घेता आलं असतं तं म्या गेल्या साली ते कांद्याचं बी घेतलं असतं काय?"

तो हसला. मग दिवाळीच्या साफसफाईची माझी यादी फ्रिजवर लावलेली होती, तिच्याखाली त्यानं त्याच्या अक्षरात लिहिलं: जुना टीव्ही, गेमसकट, भंगार.

माझा नियम माझ्यावरच उलटवला होता त्यानं. वर्षभर हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर, हा नियम मीच केलेला. पण या वस्तूला रोज हात लागतो. माझ्या दिवसात दुकान आहे, गोदाम आहे, स्वयंपाक आहे, सासूबाईंच्या गोळ्या आहेत. सगळं मी वेळेवर करते आणि सगळं कुणासाठी तरी असतं. हा अर्धा तास तेवढा कुणासाठीच नाही. तो टीव्ही गेला तर तोही जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. नव्या टीव्हीपुढे बातम्या लागतील, मॅच लागेल, पाहुणे बसतील.

दुपारनंतर भंगारवाला दारात आला. फुटका कूलर आणि पत्रे त्यानं गाडीत टाकले. मी आत जाऊन सतरंजीवर बसले, कॅसेट फुंकली आणि गेम सुरू केला.

"ताई, भंगारवाला टीव्ही न्यायला थांबलाय," भाऊ म्हणाला.

"माझा डाव चालू हाये."

"बरं. मी बोलिंग करतो, लगेच संपव." त्यानं दुसरा रिमोट उचलला आणि माझ्या बाजूला बसला. खाली, सतरंजीवर.

बोलिंग त्याची अजूनही घातक आहे. माझे पहिले दोन त्यानं पटापट आउट केले. तिसरा गेला की डाव संपणार, आणि त्यालाही दोन स्ट्राइक झाले. त्यानं दाराकडे बघून हात केला, झालंच आता.

मग मी उशिरा बॅट फिरवली.

रेषेबाहेर. त्यानं हळू टाकला, मी आणखी उशीर केला. रेषेबाहेर. त्यानं आत वळवला, मी माझा माणूस सरकवून उभा केला. पुन्हा रेषेबाहेर. सिक्सर मला मारायचाच नव्हता. मला फक्त आउट व्हायचं नव्हतं.

"बाई, टीव्ही निघून राह्यला का नाई?" दारातून आवाज आला. "मले अंधाराच्या आत अजून दोन गावं करा लागतात."

"थांबा भाऊ, दोन स्ट्राइक हायेत."

"मंग किती येळ?"

"ते याच्या हातात हाये," मी भावाकडे मान करून म्हटलं.

आमच्या घरचे चहा घेऊन आले, आमचे कप खाली ठेवले आणि स्वतःचा हातात धरून उभ्याउभ्या बघत राहिले. आणखी एक रेषेबाहेर. आणखी एक. भाऊ गुडघ्यांवर आला होता. चेंडू टाकताना रिमोटसकट दोन्ही हात उजवीकडे ओढत होता, हे त्याच्या लक्षातही नव्हतं. शेवटी तो ओरडलाच:

"काऊन बे ताई! किती फुलं पाडून राह्यली! सरळ मार ना एखादा!"

मी बटण सोडलं नाही. पण ऐकलं. आमच्या घरच्यांनीही ऐकलं, कारण त्यांच्या कपातला चहा सांडला.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि वळणापर्यंत जाऊन विरला.

त्यानंतर मी आउट झाले. व्यवस्थित, तिसऱ्या स्ट्राइकवर, मागे घ्यायची सोय नसताना. टीव्हीवर शून्य.

"शून्य," भाऊ म्हणाला.

"पाटीवर सांग."

तो उठून फ्रिजकडे गेला आणि स्वतः लिहिलेली ओळ स्वतः खोडली. नवा टीव्ही आता आतल्या खोलीत आहे, सासूबाई त्यावर मालिका बघतात.

मी उठले, चहा पुन्हा गरम करायला ठेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या किराणा यादीत वर लिहिलं: आगपेट्या.