खाणीत एकदाच उतरलेले साहेब

सार्सची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षी मला इथं परदेशात, जुरोंग ईस्टला नोकरी लागली. कंपनी खाणीतले पंप विकायची. पंपातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण पुण्यात मी जर्मन शिकले होते आणि मालकांना तशीच बाई हवी होती. मालक जर्मन, साठीचे, सहा फूट उंच. त्यांच्या आडनावाआधी उमरावकीची खूण म्हणून एक चिमुकला शब्द होता. फोनवर कुणी तो गाळला, तर ते समोरच्याला थांबवून आधी तो म्हणून घ्यायचे आणि मग पंपाबद्दल बोलायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे पत्र्याच्या दोन पेट्या ठेवल्या. "माझे खापरपणजोबा. थोर खाणअधिकारी. नव्या ऑफिसच्या उद्घाटनाला त्यांचं चरित्र वाटायचंय, इंग्रजीत."

हौगांगच्या आमच्या फ्लॅटवर हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "पंपवाल्याला खापरपणजोबा कशाला लागतो?"

"गिऱ्हाइकं खाणवाली आहेत ना. घराणं पिढीजात खाणीतलं आहे असं दिसलं की पंप खपतात."

कागद सगळे जुन्या जर्मन लिपीतले. आपल्याकडे मोडी जशी कुणालाच वाचता येत नाही, तशीच ही. मालकांनाही येत नव्हती. मी तक्ता समोर ठेवून महिनाभर अक्षरं लावली, आणि थोर पुरुष हळूहळू उलगडू लागले.

त्यांचे काका मंत्री होते. नोकरीच्या परीक्षेचा परीक्षक परीक्षेआधी आठवडाभर यांच्याच गढीवर पाहुणा होता. पहिला नंबर आला. मग हे आयुष्यात एकदा, फक्त एकदा, खाणीत उतरले. दोराला बांधलेल्या गादीच्या खुर्चीतून. त्या दिवशीची नोंद अशी : "खाली अंधार आहे. वास बरा नाही. वर आल्यावर जेवणात मासे उत्तम होते." पुढची तीस वर्षं त्यांनी खाणीवर खिडकीतून देखरेख केली. वरचा एकेक जण मरत गेला आणि यांना बढती मिळत गेली. गणवेशाच्या चांदीच्या बटणांबद्दल शिंप्याला लिहिलेली पत्रं अकरा. पंपांबद्दल एकही नाही.

त्यांचे अहवाल मात्र सुरेख होते. कारण ते लिहायचा खाणीतला एक मुकादम. त्याचे बोजड अक्षरातले कच्चे मसुदे त्याच पेटीत होते. साहेब ते शब्दन् शब्द उतरवायचे, इतके की एका अहवालात "आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून हे मोजले" हे वाक्यही तसंच राहिलं. त्यावर राजधानीतल्या वरिष्ठांचा शेरा : "अधिकाऱ्यांची निष्ठा वाखाणण्याजोगी." मी इतकी हसले, की रिसेप्शनवरची मुलगी बघायला आली. "वर्क सो फनी, मेह?" म्हणाली, म्हणजे काम कधी एवढं गमतीचं असतं का.

दुसऱ्या पेटीच्या तळाशी मुकादमाची तीन पत्रं निघाली. जुन्या बोगद्यात पाणी साठलंय, भिंत टिकणार नाही, माणसं आत पाठवायचं थांबवा. तिसऱ्या पत्राखाली साहेबांचा शेरा होता, "पाहिले. शिकारीनंतर बघू," आणि खाली अर्धं पान अडवणारी सही. भिंत शिकारीआधीच फुटली. नऊ माणसं गेली, त्यात तो मुकादमही. साहेब चौथ्या दिवशी आले, कबरींपाशी भाषण केलं, आणि बचावकार्याबद्दल त्यांना पदक मिळालं.

मी मजकूर टाइप करून मालकांपुढे ठेवला. त्यांनी शांतपणे वाचला. "लिहा, की संकटात ते कामगारांच्या पाठीशी उभे राहिले."

"चौथ्या दिवशी?"

"दिवस लिहायची गरज नाही."

रात्री नवऱ्यापाशी कुरकुर केली. "अगं, तुला त्या मुकादमाचं काय पडलंय?" तो म्हणाला. "आपला इथं कायम राहायचा पीआरचा अर्ज आत गेलाय, नोकरी टिकायला हवी. लिहून टाक ना शूर होते म्हणून." आणि मी लिहून टाकलं. चार पानांत 'धैर्य' सहा वेळा. उमरावांना हसणारी मी, बघा.

छपाईच्या आदल्या आठवड्यात मालक म्हणाले, "मधल्या पानावर जुन्या अक्षराचा एक नमुना टाका, शोभेला. कुणाला वाचता येतंय!" मी तिसरं पत्र निवडलं. मालकांना ती सही फार आवडली.

उद्घाटनाला इंडोनेशियातले खाणवाले आले होते, आणि जर्मनीहून मालकांच्या ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई. काडीवर भाजलेलं साताय खाऊन झाल्यावर आत्याबाईंनी पुस्तिका उघडली, पर्समधून भिंग काढलं आणि मधलं पान मोठ्यांदा वाचायला लागल्या. लहानपणी शाळेत त्यांना हीच लिपी होती! मालकांचा चेहरा उतरला. एका खाणवाल्याने विचारलं, "काय लिहिलंय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी सांगितलं. पाणी, भिंत, शिकार, नऊ माणसं, सगळं. आता नोकरी गेली, हे धरूनच मी बोलले.

मग तो खाणवाला म्हणाला, "म्हणजे त्यांच्याकडे धड पंप नव्हता?"

"अगदी बरोबर, सर!" आमचा विक्रीवाला कुठूनसा धावत आला. त्या दुपारी कंपनीने जेवढे पंप विकले, तेवढे आधीच्या सहा महिन्यांत विकले नव्हते.

निघताना आत्याबाईंनी मला लिफ्टपाशी गाठलं. "ते पान तुम्ही मुद्दाम घातलंत?"

"हो."

"घरात सगळ्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "फक्त मोठ्यांदा कुणी वाचलं नव्हतं."

मला काढलं नाही. उलट पगार वाढला. मालकांनी त्या पत्राचं जाहिरातपत्रक काढायला सांगितलं : वेळेवर पंप न घेतल्यास काय होते. मजकूर मुकादमाचा. मी म्हटलं, खाली त्याचं नाव टाकू या. "त्याला कोण ओळखतं?" मालक म्हणाले, आणि खाली खापरपणजोबांची सही छापली.

मग मी त्या खाणीच्या गावच्या चर्चला पत्र पाठवलं. दोन महिन्यांनी नऊ नावांची यादी आली, प्रत्येकापुढे वय. सगळ्यात लहान एकोणीस वर्षांचा. मी ती नीट टाइप करून मालकांच्या टेबलावर ठेवली.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले, आणि कागद फायलीत लावायला रिसेप्शनवर पाठवून दिला.