वाढत्या मापाची गिटार

मोठी गिटार मांडीवर घेतली की माझा उजवा खांदा आपोआप वर चढत होता. तरी मला तीच हवीशी वाटत होती. किंमत दोन्हींची सारखीच, मग मोठी सोडून लहान कोण घेणार?

"आधी वाजवून तर बघा, ताई," दुकानदार काका म्हणाले. हैदराबादेत मराठी कानावर पडली आणि माझी अर्धी भीती गेली. मी नुसत्या बोटांनी वाजवते. मोठ्या गिटारीचा खर्ज घुमत राहिला आणि बारीक तारांचे सूर त्यात बुडून गेले. लहान गिटारीवर बोट हलकेच फिरवलं, तरी प्रत्येक सूर वेगळा ऐकू आला.

"ही लाजऱ्या माणसाचंही ऐकते," काका हसले.

तरी माझं ठरेना. आमच्याकडे सगळं वाढत्या मापाचं घ्यायची सवय. आई शाळेचा गणवेशसुद्धा ढगळच घ्यायची. आठवीत शाळा सुटली, तेव्हाही तो मला सैलच होता. मी मोठी होणार यावर तिचा भरवसा होता, दुसरं काय. पण आज आहोत त्या मापाचंही काही घ्यावं की माणसानं कधीतरी.

काकांनी तासभर बसू दिलं, एकदाही घाई केली नाही. एवढं कोण करतं परक्यासाठी?

खोलीवर येऊन आईला फोन लावला.

"केवढी घेतलीस गं?"

"माझ्याएवढी."

ती म्हणाली, "वाजव बघू. हळू वाजवलंस तरी चालेल, येतंय मला ऐकू."